टेबलाची हवा

—अहो, एकट्यानं नका उचलू ते खोकं, वह्यांनी जड झालंय. वडील ना तुम्ही तिचे? नाकच सांगतंय. बसा जरा. मी या प्रयोगशाळेतला मेकॅनिक— ती काका म्हणायची मला. अंहं, टेबलाला हात नको! माफ करा, सवय हो, सगळ्यांवरच ओरडतो. ते दोन आरसे दिसतात ना, बटणाएवढे— त्यांच्यामध्ये उजेड येरझारा घालतो आणि अणूंना धरून ठेवतो. उजेडानं वस्तू तापते ना? इथं उलटं— ढकलून ढकलून अणूंना पार गारठवतो, जागच्या जागी बसवतो. पण आरसा जरासा थरथरला की संपलं, अणू पसार. म्हणून हे टेबल हवेवर तरंगतं ठेवायचं, लिफ्टचा हादरासुद्धा पोचता कामा नये. ती हवा बघणं माझं काम.

लेक गुणी हो तुमची. प्रयोगाची मांडणी चोख, तरी तीन महिने अणू टिकेनात. सर सगळ्यांदेखत म्हणाले, हिचा हातच स्थिर नाही. आणि मी? मी पाना पुसत बसलो. तिनं विचारलं होतं हो मला, दोनदा विचारलं— काका, टेबलाची हवा चालू आहे ना? तर मीच फणकारलो— वीस वर्षं बघतोय, तू शिकवणार मला? वाकून बघायला काय धाड भरली होती माझ्या कमरेला! टेबलाखालची हवेची नळी फुसफुसायची, डोकं उठायचं, म्हणून मीच व्हॉल्व्ह बंद केला होता, जरा वेळ म्हणून— आणि विसरलो. ती सोडून गेली, दुसऱ्या दिवशी स्क्रू पडला म्हणून खाली वाकलो, तर समोर व्हॉल्व्ह. गुपचूप उघडला. दुपारपर्यंत अणू असे बसले की, टेबल नीट लावलंस म्हणत सरांनी पाठ थोपटली— माझी!

हे कुणालाच बोललो नव्हतो. तुम्हाला तरी कशाला बोललो, देव जाणे. बरी आहे ना ती? —घरीच असते? —कप उचलतानाही हाताकडे बघते? अहो, काही झालेलं नाही तिच्या हाताला! कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात— हो. आम्हीच.

फोन कशाला काढताय? नको हो, हात जोडतो, मी पत्र लिहीन, सावकाश— लागला? ...द्या. हॅलो. हो, काका. ऐक पोरी, तुझा हात नव्हता हलत. हवा बंद होती. मीच केली होती. तू विचारलंस तेव्हा मी बघितलंच नव्हतं... हॅलो? काय? ...आता चालू आहे ना, म्हणतेस?

थांब. वाकून बघतो.