पाइपावरचा हात

सरकून बसा मंडळी, थोडं पुढे सरका. मागे उभे आहेत त्यांना जागा द्या. हं. मघापासून आपण सेवेवर बोलतोय. सेवा करावी, सेवा करावी, सगळेच सांगतात! पण मी आज एक साधा प्रश्न टाकतो. समोरच्याला काय हवंय, त्याचं कुठं दुखतंय, हे आपल्याला कळायचं कसं? विचारून?

विचारून कळतं?! अहो, मी घरी रोज विचारतो, "काही झालंय का?" उत्तर काय येतं? "काही नाही!" ... हसले! पेटीवाले हसले म्हणजे त्यांच्याही घरी हेच उत्तर येतं. त्या "काही नाही"मध्ये केवढं काय काय असतं, ते लग्न झालेल्या गृहस्थाला मी सांगायची गरज नाही.

मग कळायचं कसं? मंडळी, ऐका!

पुण्याला एक मुलगी होती. नाव शलाका. हुशार, कष्टाळू, आणि मनानं लोण्यासारखी. काम काय करायची? मोबाइलच्या पडद्यावर बटण कुठं असावं, अक्षर केवढं असावं, कुठल्या बटणानंतर कुठलं यावं, हे ठरवायचं काम! आता तुम्ही म्हणाल, बुवा, ह्याला काय अक्कल लागते? लागते! तुमच्या हातातल्या मोबाइलवर नको ते दाबलं जातं आणि भलत्याच माणसाला फोन लागतो ना? तिथं कुणाची तरी अक्कल कमी पडलेली असते. आणि शिव्या आपण आपल्या बोटाला देतो!

तर ह्या शलाकेकडे एक काम आलं. टाकळवाडीच्या पाण्याचं. टाकळवाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतलं गाव. पाच गल्ल्या, खाली नदीकाठी विहीर, विहिरीवर मोटर. आणि गल्लोगल्ली पाणी सोडणारे कोण? तर रंगनाथ खैरे. अख्खा गाव त्यांना रंगूतात्या म्हणतो. सव्वीस वर्षं! खांद्यावर कंबरेएवढी लोखंडी चावी, आणि पहाटेपासून चढ-उतार, चढ-उतार. एका गल्लीचा वॉल, म्हणजे पाइपातली पाण्याची कळ, उघड, दुसरीचा लाव. घरात कुणी आजारी असलं, कुणाकडे बारसं असलं, तात्यांना ठाऊक. त्या गल्लीला पाच मिनिटं जास्त!

गावात नवी योजना आली. वॉलला यंत्र बसलं. तात्यांनी आता मोटरच्या खोलीत बसायचं आणि मोबाइलवर बोट टेकवायचं, वॉल आपोआप उघडणार! यंत्र बिघडलं तर अडायला नको म्हणून वॉलची जुनी चावीही लागेल अशी सोय ठेवली. आणि तो मोबाइलचा पडदा कुणी करायचा? शलाकेनं.

तिनं जीव ओतला हो! पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी, असे आकडे घातले. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. आणि तात्यांच्या हातून चूक होऊ नये म्हणून एक युक्तीही केली. चालू गल्ली बंद केल्याशिवाय दुसरीचं बटण जागंच व्हायचं नाही! दोन गल्ल्या एकदम चालू राहिल्या तर कुणालाच धड पाणी मिळणार नाही ना, म्हणून. बघा केवढी काळजी!

मग ती गावात आली. तात्यांच्या ओसरीवर बसली. गिरजाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, चहा केला, गूळशेंगदाणे ठेवले. शलाकेनं मोबाइल दाखवला आणि विचारलं, "तात्या, कसं वाटतंय? वापरायला सोपं आहे ना?"

तात्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. प्रसाद धरतात तसा. म्हणाले, "ताई, लई झ्याक केलंय तुमी!"

शलाकेकडे एक कागद होता. त्यावर पाच तोंडं काढलेली, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "ह्यातलं कुठलं, तात्या?" तात्यांनी सगळ्यात हसरं तोंड दाखवलं. वर म्हणाले, "ह्याच्यापरीस हसरं न्हाय का?" झालं! पोरगी खूश. पुण्याला गेली, साहेबाला सांगितलं, काम फत्ते.

आणि महिन्याभरानं टाकळवाडीच्या सरपंच अलकाताईंचा फोन आला.

"मॅडम, तुमचं ॲप चांगलं आहे हो, पण आमचा माणूस कच्चा निघाला! मोबाइल हातात धरून नुसता उभा राहतो, मग खिशात घालतो, आणि निघाला आपला चावी घेऊन! नवी सोय धूळ खातीये. शुक्रवारी ग्रामसभा आहे. तात्यांच्या हातनं काम काढून घेतोय. शिकलेला माणूस बघून ठेवलाय."

शलाकेनं साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाले, "त्यात काय? एक ओळ लिहून दे. पडदा निर्दोष, चालवणारा अप्रशिक्षित. विषय संपला."

एक ओळ, मंडळी! त्या एका ओळीनं सव्वीस वर्षांची चावी एका म्हाताऱ्याच्या खांद्यावरून उतरणार होती. आणि ती ओळ खोटीही म्हणता आली नसती. कागदावर हसरं तोंड होतंच की!

पण शलाकेच्या हातून ती ओळ लिहवेना. बुधवारी सकाळी ती एसटीत बसली आणि दुपारी टाकळवाडीत उतरली. तात्या ओसरीवरच होते. चेहरा उतरलेला. तिनं विचारलं, "तात्या, काय अवघड जातंय? मोकळेपणानं सांगा."

"कायबी न्हाय, ताई. तुमचं काम सोन्यावानी हाय. माझंच चुकतंय."

पुन्हा विचारलं. "काय न्हाय." फिरवून विचारलं. "झ्याक हाय." घ्या! आता ह्या माणसाला धरून हलवावं का काय करावं?

तेवढ्यात आतून काकूंनी हाक मारली, "आधी दोन घास खाऊन घे गं बाय." ताट वाढलं. भाकरी, पिठलं आणि काकूंच्या हातचा ठेचा. काय सांगू मंडळी तो ठेचा! पुण्याच्या पोरीनं एक घास घेतला आणि कानातून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली.

काकू म्हणाल्या, "कसा झालाय?"

आता काय म्हणायचं? परक्या घरी, एवढ्या मायेनं वाढलेलं. शलाका म्हणाली, "छान! ... खूप छान झालाय काकू!"

काकूंनी काही ऐकलंच नाही. त्यांनी पोरीच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं, तांब्याकडे गेलेला हात बघितला, उठल्या आणि न विचारता ताटात दह्याचा मोठा गोळा घातला.

शलाकेचा घास हातातच राहिला.

कळलं का मंडळी? तिला कळलं! "अगं बाई," ती मनात म्हणाली, "तोंडानं मी काय बोलले? छान! आणि ह्या माउलीनं माझ्या तोंडाचं ऐकलं असतं तर मी मेले असते इथं!" तात्यांनीही तिला "छान"च म्हटलं होतं. आणि ती तो कागद घेऊन नाचत पुण्याला गेली होती. तिला स्वतःची लाज वाटली. खरीखुरी लाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या आधी ती मोटरच्या खोलीत हजर! एक बादली पालथी घातली आणि कोपऱ्यात बसली. प्रश्न नाही, कागद नाही, तोंडं नाहीत. नुसती बघत बसली. अहो, गप्प बसून बघणं काय सोपं आहे? तुम्ही तासभर गप्प बसलात, पण त्यातले चार जण झोपलेत म्हणून! ... असू द्या, उठवू नका त्यांना.

तात्या आले. मोटर सुरू केली. धडधड धडधड! मोबाइलवर पहिल्या गल्लीचं हिरवं बटण दाबलं. बरोबर दाबलं हो! अडाणी कुठला? पाणी गेलं. तात्या तिथंच उभे. वेळ झाली. आता पहिली बंद करायची आणि दुसरी उघडायची.

तात्यांचं बोट लाल बटणावर गेलं आणि तिथंच अधांतरी राहिलं. डावा हात? डावा हात मोठ्या पाइपावर! वैद्य नाडी धरतो तसा. बोट पुढे जाईना, हात पाइपावरून उठेना. आणि मग तात्यांनी मोबाइल खिशात घातला, चावी उचलली आणि चढ चढून गेले. शलाका मागोमाग! तात्यांनी आधी दुसऱ्या गल्लीचा वॉल उघडला. मग खाली येऊन पहिलीचा लावला.

आता तिनं तोंड उघडलं. पण "कसं वाटतंय" नाही विचारलं. म्हणाली, "तात्या, पाइपावर हात कशाला ठेवला होतात?"

आणि तात्या बोलायला लागले! सव्वीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं!

"त्याचं असं हाय ताई, पान्याचा जोर हाताला कळतो. मोटर थेट लाइनीत पानी ढकलती. तुमच्याकडं टाकीचं पानी, वॉल लावला की गप ऱ्हातं. हितं मोटर चालू असताना समदे वॉल लागले, तर पानी जाईल कुठं? ओढ्यावरचा जुना पाइप हाय, त्यो फुटतो. दोनदा फुटलाय. गाव चार-चार दिस पान्याबिगर ऱ्हायलं. मोटर बंद करावी, तर पानी परत चढाया अर्धा तास जातो. म्हून आधी फुडचा उघडायचा, मंग मागचा लावायचा. आन् तुमचं बटन म्हणतं, आधी मागचा लाव!"

शलाकेला लखकन उमगलं. तिची ती युक्ती! तात्यांची चूक होऊ नये म्हणून केलेली! महिनाभर हा माणूस बोट अडवून धरत होता म्हणून गावाचा पाइप शाबूत होता. आणि गाव त्याला कच्चा म्हणत होतं!

"तात्या, मग मला का नाही सांगितलंत? सरपंचांना तरी सांगायचं!"

तात्या ओशाळले. "आता कसं सांगू? तुमी पोरीबाळी, लांबनं आला. एवढं मनापासनं करून आनलं. पाव्हन्यानं आनलेल्यात खोट काढायची व्हय?"

ऐकताय ना मंडळी? हातचं काम चाललं, गावात हसं झालं, तरी पाहुणीचं मन मोडायचं नाही! शलाका तिथं ढसाढसा रडली. तात्या बिचारे घाबरले, "ठेचा बाधला काय?" म्हणून विचारायला लागले!

मग तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. काकूंकडून जुन्या कॅलेंडरची पानं मागून घेतली. पाठकोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलींनी पडदा काढला. मोबाइल नाही, कागद! तात्यांनी कागदावर बोट टेकवायचं की शलाका पुढचा कागद सरकवणार. कुठं बोट थबकलं? फाड कागद! काढ नवा! "पहिली गल्ली" म्हटलं की तात्या मनात मोजत बसायचे, म्हणून आकडे गेले. मारुतीची गल्ली, सुतारआळी, वरचा आड, अशी तात्यांच्या तोंडातली नावं आली, आणि तीही तात्यांच्या पायाखालच्या वाटेच्या क्रमानं. पुढची गल्ली उघडल्याशिवाय मागचीचं बटणच उठणार नाही. सगळी युक्ती उलटी केली! शुक्रवारी दुपारपर्यंत ओसरीवर फाटक्या कागदांचा हा ढीग झाला.

ग्रामसभा भरली. अलकाताई म्हणाल्या, "मॅडम आल्यात, बरं झालं. सांगा सगळ्यांना, तात्यांना ॲप का जमलं नाही."

शलाका उभी राहिली. म्हणाली, "तात्यांना जमलं नाही, असं नाहीये. मला जमलं नाही. तात्यांनी माझं ॲप मी सांगितलं तसं चालवलं असतं, तर ओढ्यावरचा पाइप फुटला असता. नापास मी आहे."

आणि तेवढ्यात उठलं कोण? रंगूतात्या! "न्हाय न्हाय! पोरीचं काम लई चांगलं हाय!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. अलकाताईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

शलाकेनं कागद जमिनीवर मांडले. तात्या मांडी घालून बसले. बोट टेकवलं, कागद सरकला. बोट टेकवलं, कागद सरकला. पाचही गल्ल्यांना पाणी सुटलं, कागदावर! बोट कुठं थबकलं नाही. अलकाताई पुढे आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तात्या, चुकलं आमचं. चावी तुमचीच. आता सांगा, हे बरं झालंय ना?"

तात्यांनी कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. आणि म्हणाले,

"पोरी, अक्षर लई बारीक काढलंयस. मला म्हाताऱ्याला दिसंल का ह्ये? आन् ह्यो लाल रंग काय खरा न्हाय. बदल त्यो."

अलकाताई दचकल्या. पण शलाका? शलाकेला आभाळ ठेंगणं झालं हो! आजवर "ताई, झ्याक हाय!" आणि आज? "पोरी, बदल!" पाहुणी होती तोवर सगळं छान होतं. लेक झाली आणि तात्यांनी तिच्या कामात खोट काढली! साहेबाकडून शाबासकी मिळवणाऱ्या त्या पोरीला आयुष्यात एवढी मोठी पदवी दुसरी मिळाली नाही.

बोला, रामकृष्णहरी!

आता उत्तर द्या. विचारून कळतं? अहो, तुमच्या घरात कोण आहे असं, जे कायम "छान आहे", "बरं आहे", "मला चालेल" म्हणतं? तुमची सून? तुमचे वडील? चार वर्षांत सुनेनं एकदाही खोट काढली नाही म्हणून गावभर सांगता ना? अरे, म्हणजे ती अजून पाहुणीच आहे तुमच्या घरी! तिला विचारू नका, "सुखी आहेस का?" म्हणेल, "हो." तिच्या शेजारी बसा. तिचा हात कुठं थबकतो ते बघा. देव तरी दुसरं काय करतो? आपण त्याच्यासमोर उभं राहून सांगतो, सगळं ठीक आहे रे बाबा. तो आपलं ऐकतो का? तो बघतो.

आणि माझंही तेच! आता कीर्तन संपलं की तुम्ही येऊन म्हणणार, "बुवा, छान झालं." मी काय समजायचं? मी पाहुणा! एकानं तरी या आणि म्हणा, बुवा, मध्ये फार पाल्हाळ लावलंत. म्हणजे मी ह्या गावचा झालो.

चला, टाळ घ्या, आरतीला उभे राहा. ... नाही, खांबाजवळच्या आजी, तुम्ही नका उठू. "काही होत नाही" म्हणू नका मला! मघापासून तुमचा हात गुडघ्यावर आहे. बसूनच म्हणा आरती. अहो, शेजारचे कोण आहात तुम्ही? मुलगा का? मग तुम्हीही बसा की खाली, त्यांच्याजवळ.