मागचं चाक

लेक : बाबा, भिंतीला चिकटून काय उभे राहिलात? खेळणं आहे ते, चावणार नाही.

बाबा : वीस किलोचं खेळणं? आधी बंद कर.

लेक : केलं. उद्या बालवाडीत दाखवायचाय हा रोबो आणि वळवायचा कसा, तेच ठरेना. गाडीसारखी पुढची चाकं वळवू, की डावी-उजवी उलटसुलट फिरवून जागच्या जागी?

बाबा : जागच्या जागी.

लेक : ऐकून तरी घ्या! तसं वळवलं की चाकं घासतात, अंदाज चुकतो. गाडीसारखा कसा ऐटीत जातो. तीस वर्षं बस चालवलीत तुम्ही, तुम्हाला तर...

बाबा : मुलं कुठे बसणार?

लेक : जमिनीवर, गोल करून.

बाबा : मग गाडीसारखा नको. खटपटी पोरी, ऐक माझं. नको.

लेक : का नको, पण?

बाबा : वळताना पुढचं चाक निघून जातं आणि मागचं आतून कापत येतं.

लेक : माहितीये मला.

बाबा : तुला वहीतलं माहितीये. मी आवाज ऐकलाय.

लेक : कसला? बाबा, कसला आवाज?

बाबा : बाजाराच्या कोपऱ्यावर. पुढचं निघालं म्हणून मी निर्धास्त. कंडक्टर आत तिकिटं फाडत होता, मागे बघायला कुणी नाही. तेव्हा तू होतीस, तेवढीच एक पोर वळणाच्या आतल्या बाजूला उभी होती. पाय गेला तिचा.

लेक : तुम्ही तर म्हणाला होतात, डोळे अधू झाले म्हणून नोकरी सोडली.

बाबा : डोळ्यांना काय धाड भरलीय? अजून वळण आलं की मागचं चाक बघायला खिडकीतून वाकतो. नुसता प्रवासी म्हणून बसलो तरी.

लेक : मग जागच्या जागीच वळवू. चाकांच्या तारा बदलल्या की झालं. हं, आता बघा.

बाबा : थांब! थांब म्हणतो ना! मागचं टोक बघ, केवढं बाहेर फिरलं. तिथे कुणाचं बोट असतं तर?

लेक : म्हणजे कसंही वळवा, धोका आहेच. मलाही भीती वाटायला लागली आता. उद्या जाऊच नको का?

बाबा : जा. टोक गोल काप. वेग निम्मा कर. मुलांना चार हात लांब बसव.

लेक : माझी नजर पुढे असणार. मागे कोण बघेल? तुम्ही याल?

बाबा : भिंतीला चिकटूनच उभा राहीन मी.

लेक : चालेल. तिथूनच बघा.

बाबा : येतो. पण मी थांब म्हटलं की थांबायचं. का, ते नंतर विचारायचं.