सगळ्याला हो

…आन् वरून आदिनाथलाच इचारत्यात, 'हो कोणी म्हटलं?' आरं, स्क्रिप्ट म्हणली! तुमाला सांगतो, आमच्या वडवणीत हो म्हणायला काय जातंय? लग्नाला येताल ना? हो. जेवूनच जाताल ना? हो. आदिनाथचा बाप सुंदरराव तं निवडणुकीत तिन्ही पार्ट्यांच्या जीपात बसून आलता, मत आपल्यालाच ना दादा, हो, हो, हो! जल्मात कुणाला न्हाई म्हणला न्हाई त्यो माणूस. मागल्या उन्हाळ्यात लकवा मारला, समदं बोलणं गेलं, आन् तेवढाच एक शब्द राह्यला तोंडात. पाणी पायजे का दादा? हो. नको का? हो. हितं दुखतंय? हो. का तितं? हो… आता हसावं का रडावं, तुमीच सांगा.

आई न्हाई, भाऊ न्हाई. म्हाताऱ्याला उचलायचं, पुसायचं, भरवायचं, समदं एकटा आदिनाथ, आन् त्याच बाजेला टेकून पुण्याच्या कंपनीचं काम. माजं पंक्चरचं दुकान घराला खेटूनच, म्हणून माहिती. कंपनीचे सर्वर म्हणं क्लाउडवर हायेत. मी म्हणलं, ढगात कावून बे? तं म्हणला, 'ढगात न्हाई रे, दुसऱ्याचे कॉम्प्युटर हायेत, भाड्यानं घेतलेले.' मंग तसं म्हणा की! तं त्या परत्येक सर्वरवर पायथॉन बसवायचं. कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा हाय ती. आन् त्यो सर्वर लई चिकट, पावला-पावलाला इचारतो. उतरवून घेऊ का? हो. जागा लागंल, चालंल का? हो. खरंच बसवू? आरं हो बाबा! हिकडं बाप हो म्हणतोय, तिकडं पोरगा हो दाबतोय, मधी मी टायर खोलून बसलेला.

एक दिस राजनंदिनी मॅडमचा फोन आला, त्याच्या साहेब. लई गोड बोलणं! 'आदिनाथ, अरे हातानं किती दिवस करणार? स्क्रिप्ट लिही ना, एक कमांड दिली की सगळीकडे आपोआप. जमलं तर राहा घरीच, मी वरती बोलते. नाहीतर… पुण्याला यावं लागेल हं.' पुण्याला! तितं कॉट बेसिसवर, एका खोलीत भाड्याच्या खाटेवर राह्यायचं, म्हातारा ठिवायचा कुठं?

स्क्रिप्ट म्हंजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामाची यादी, पोरानं तिच्यात जीव ओतला वो. बापाची कूस बदलायची, लिहायचं, भाकर चुरून द्यायची, परत लिहायचं. आन् त्या सवालांचं काय? तं स्क्रिप्टलाच सांगून ठिवलं, काईबी इचारू दे, तू हो म्हण. हो म्हणायला काय जातंय? नव्या कोऱ्या सर्वरवर चालवून पाह्यलं, झटक्यात बसलं! बापाजवळ जाऊन म्हणला, 'दादा, आता मी कुठंच जात न्हाई.' म्हातारा म्हणला, 'हो.' पयल्यांदा त्यो शब्द बरोबर जागी पडला बगा. मलाच रडू आलं.

सोमवारी सकाळी खऱ्या सर्वरवर सोडली स्क्रिप्ट. आता ते सर्वर जुने, त्येंच्यावर जुनं पायथॉन आधीच बसलेलं. सर्वरनं इचारलं, जुनं काढून टाकू का? त्याच्या जिवावर जे चालतंय, ते समदं जाईल. स्क्रिप्ट म्हणली, हो. नक्की ना? हो! अरारारा… एकामागं एक समदे आडवे! आदिनाथ बापाला भरवत होता, वरणाचा हात तसाच. मी वरडलो, बंद कर बे! तं म्हणला, 'कुठून करू? आत जायाची वाटच गेली.'

मंग मॅडम. 'हो कोणी म्हटलं, आदिनाथ? नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हतीस?' आता काय सांगावं, खानदानातच न्हाई वो ती सोय! नोकरीवरून काढलं न्हाई, तेवढे उपकार. 'पण आता पुण्यात, माझ्यासमोर बसून काम कर. येशील ना?' आदिनाथ काय म्हणला असंल, ते मी सांगायला पायजे का?

म्हाताऱ्याला परळीच्या आत्याकडं ठिवायचं ठरलं. तिलाच धड उठता येत न्हाई. पण इचारलं तं तीबी म्हणली हो… हो म्हणायला काय जातंय!

आज सकाळी बॅग भरून बाजेवर बसला. 'दादा, जाऊ ना मी?' म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं पोराचं मनगट आवळून धरलं. सोडंचना. डोळ्याला धार, मान सारखी हालतीय, न्हाई, न्हाई, न्हाई… आन् तोंडानं म्हणला, 'हो.'