चौघांच्या ब्यांडचं उत्तर

बसा हो साहेब, चहा अर्धा टाकून कुठं निघालासा? बँक काय पळून जातीया व्हय? — तर मी काय सांगत हुतो — हां, कोडं. आमच्या हाटेलाची एक रीत हाय, समद्या निपाणीला म्हाईत. बंगळूरचा इंग्रजी पेपर कुणीबी वाचावा, पर त्यातल्या शब्दकोड्याला हात लावायचा न्हाय. ते माझ्या शालूचं. दुपारी पेपर घरी जातो, मग ती सोडवती. बेळगावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालीया — चेष्टा न्हवं!

आता त्यो विलायतेतला चौघांचा ब्यांड — बीटल्स — त्यातल्या एकाला डिसेंबरात अमेरिकेत गोळी घातली न्हवं का, तवापासनं कोड्यात त्यांच्यावर एखादा प्रश्न असतोयच. गाव कंचं? लिव्हरपूल. ढोल बडवणारा कोण? रिंगो. बघा, मलाबी पाठ झालं! का पाठ झालं? तर पेपर घरी जायच्या आधीच तेवढं एक उत्तर कुणीतरी भरून ठेवायचं. बाकी चौकटी कोऱ्या. अन् शालू हसायची — एकटीच. मी बाप हाय साहेब. पोरगी कोड्याला हसतीया का माणसाला, एवढं कळतंय मला.

मग कोण असंल? म्हणलं, तंबाखूच्या वखारीतला भरमा. मानेपातूर केस, खाली बेलबाटम — ब्यांडवाल्यागत दुसरं कोण दिसतंय हितं? माझ्या मेव्हण्यानं, ह्या शामूनं, त्येला जीपमधनं नेला — म्हंजे, गावाकडं सोडाय गेलता. हां. तिकडंच कामाला लागला असंल. त्येची आय यल्लव्वा रडत आली. म्हणली, आण्णा, माझ्या लेकराला सही येत न्हाय, इंग्रजी कुठलं लिवतंय? म्हणलं, बाई, घरला जा. — अन् दुसऱ्या दिशी पेपरात उत्तर भरल्यालं! तेच अक्षर! पेपर तसाच घडी करून गल्ल्याखाली सारला बघा... न्हाय, भ्यालो न्हाय मी. राग आला. लई राग आला.

शालूला इचारलं. कोंडून घालून इचारलं. तिची आय मनुबाई माझ्या पाया पडतीया, पोरगी अन्नाला शिवंना, पर नाव काय सांगंना. मग आता एकेका गिऱ्हाइकाला समोर बसवतो, चहा पाजतो अन् हीच गोष्ट सांगतो. परवा पोस्टातल्या रवळूअण्णांना सांगितली. काल हेडमास्तरांना. दोघंबी निवांत ऐकून, पान खाऊन गेली.

तुमच्या हातातली बशी मघापासनं वाजतीया, साहेब.

न्हाय, उठू नगासा. — शामू, फळ्या लावून घे. आज हाटेल बंद.