आप्पांची बिनधुराची मोटार

वय वाढलं की अक्कल येते म्हणणाऱ्यानं आमचे आप्पा बघितले नसणार. या चुलत्यानं विजेवरची मोटार घेतली आणि ‘प्रदूषण करती’ म्हणत माझी मोटरसायकल भंगारात द्यायला काढली, चावीसुद्धा खिशात घातली. दोन्ही गाड्या उसाच्या बांधाला उभ्या होत्या.

मी म्हणालो, “आवं, माझी थेंबभर पेट्रोलवर पळती. तुमची वीज कोळसा जाळूनच येती की!”

“त्यो चंद्रपुरात जळतो. कडेगावात न्हाई!” म्हणत आप्पांनी रानातलं, ऊस तोडल्यावर उरलेलं वाळकं पाचट पेटवलं.

वारा फिरला. जाळ बांधाकडं आला, तसे दोन्ही चाव्या माझ्याकडं फेकत आप्पा ओरडले, “गाडी काढ रं!”

मी मोटरसायकलला किक मारली.

“आरं, माझी!”

“आधी प्रदूषण हलवतो, आप्पा!”