मेट्रनबाईंना म्हटलेलं ‘नको’

दे, अजून अर्धा कप दे. मी आता कशालाच नको म्हणत न्हाई. एका ‘नको’पायी जन्मभर नर्सच राहिले, म्हणून.

दुष्काळाच्या साली मी नगरकडं एका मिशन दवाखान्यात होते. आमच्या मेट्रनबाई मेक्सिकोच्या, पण बारा वर्षं इथं काढलेली, मराठी अगदी आपल्यासारखं बोलायच्या. मायदेशी परतायच्या आधी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. म्हणाल्या, “माझ्या जागी तू ये.”

हेच ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. पण आमच्या सोनई गावच्या घरातलं वळण, पहिल्यांदा विचारलं की लगेच हो म्हणायचं न्हाई. मी म्हणाले, “नको बाई, मला कुठं जमतंय?”

आता परत विचारतील म्हणून तिथंच उभी राहिले. त्यांनी मान हलवली आणि कागदावर दुसरीचं नाव लिहिलं.

निघायच्या दिवशी त्या जीपमध्ये बसल्यावर मी धीर केला. म्हटलं, “बाई, आमच्यात पहिलं नको खरं नसतं.”



“आमच्या गावातबी पाहुणी आधी नकोच म्हणते,” त्या म्हणाल्या. “पण मी तुला पाहुणी समजून विचारलं न्हवतं.”