चाळीसला काच वाजते

— नाही नाही, मॅडम, पेन जरा थांबवा. एकदा 'नापास' लिहिलंत की तुम्हालाही खोडता येत नाही, ठाऊक आहे मला. सव्वीस वर्षं येतोय मी या आवारात, तुम्ही शाळेत जात असाल तेव्हापासून. ब्रेक लागला ना? लागला, तुम्हीच त्या रोलरवर चढवून बघितलात. दिवे लागले, हॉर्न वाजला, टायर तर नवेकोरे. आग विझवायची बाटली, औषधांची पेटी, सगळं जागच्या जागी. मग राहिलं काय? एक वेगाचा काटा. बसलाय शून्यावर, बसू दे बिचाऱ्याला! काट्यानं गाडी थांबते का? नाही. काट्यानं वळते का? नाही. अख्खा हत्ती गेला आणि तुम्ही शेपटाला धरून बसलात!

तुमच्या आधीचे साहेब — आता निवृत्त झाले ते — चष्मा कपाळावर चढवायचे, काट्याकडे बघायचे, म्हणायचे, 'पुढच्या खेपेला एवढं करून आणा हं,' आणि मारायचे शिक्का. चार वर्षं असंच चाललंय. चार वर्षांत काय झालं? काही नाही झालं. म्हणजे — काही नाही. तुम्ही नियमानं चालता, चांगलंच आहे, माझी मुलगी या खुर्चीत असती तर तिलाही मी हेच सांगितलं असतं की कुणाच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. पण हा काटा बाजारात मिळतच नाही हो! हे मॉडेलच बंद झालंय. मेकॅनिक म्हणतो, भंगारात शोधतो, महिना तरी लागेल. आणि पासिंगचा कागद आज संपतोय. उद्या सकाळी सातला चौदा मुलं दप्तरं पाठीला लावून आपापल्या दारात उभी राहणार. त्यातली एक माझी नात. तिला काय सांगू मी — काटा हलत नाही, चालत जा?

उलट तुमच्यासाठी म्हणून किती तयारी केली. कानावर आलं होतं, नव्या मॅडम कडक आहेत, खुळखुळा झालेली गाडी आवारात घेतसुद्धा नाहीत. म्हटलं, ठीक आहे. चार दिवस गाडी गॅरेजला टाकली. सगळ्या काचांना नवं रबर, मागच्या दाराला पॅकिंग, इंजिनाच्या झाकणाखाली जाड फोम, सीटखाली अवजारांचा डबा असतो तोसुद्धा गोणपाटात गुंडाळून करकचून बांधला. गेल्या सोमवारी संध्याकाळी घरी आणली तर आमची ही दारात येऊन म्हणते, 'अगं बाई, गाडी आली कधी? कळलंच नाही!' इतकी शांत.

काय? मग वेग कसा कळतो? आता कसं मुद्द्याचं विचारलंत! कानानं कळतो, मॅडम. चाळीस झाले की माझ्या मागची काच वाजते — कडकड, कडकड. पन्नासला मागचं दार. आणि साठला तो अवजारांचा डबा, पण मुलं गाडीत असताना डबा मी कधी वाजूच दिला नाही. काच वाजली की पाय वर. बस्स. काटा एक वेळ खोटं बोलेल, काच नाही बोलायची.

हसू नका. खोटं वाटतं? हातच्या कांकणाला आरसा कशाला, चला, बसा पुढं. बसा हो, मागचा रस्ता मोकळाच असतो यावेळी. तुमच्या फोनात वेग दिसतो ना? लावा तो. मी तोंडानं सांगतो, तुम्ही फोनात बघा. दोनाचा जरी फरक पडला तर खुशाल नापास करा, मी चकार शब्द काढणार नाही. पट्टा लावा. हो, मीही लावला.

— बघा, गिअर कसा लोण्यासारखा पडतो. इथून डावीकडं. मागं काय बघताय? तो दांडा होय? त्याला धरूनच मुलं बसतात. डाग? डाग नाही तो, म्हणजे — पुसलाय मी, सीटच्या कापडात थोडा राहिला. नात बसते तिथं. हनुवटीला लागलं तिच्या, दोन टाके पडले. शाळेच्या पायरीवरून पडली. घरी तसंच सांगितलंय. आता तुम्ही अशा बघू नका माझ्याकडं, मी काही दारू पिऊन चालवत नव्हतो! मंगळवारची गोष्ट. पुलाकडचं वळण, रोजचंच, डोळे मिटून घेईन असं. आणि सगळी पोरं एकदम एका अंगाला पडली. किंचाळली. मला वाटलं मस्ती करतायत, मीच खेकसलो त्यांच्यावर. वेगात नव्हतो हो मी. चाळीसच्या आतच होतो. काच वाजली नव्हती ना.

नातच म्हणाली, 'आजोबा, मी पायरीवरून पडले असं सांगते, नाहीतर बाबा तुमची गाडी काढून घेतील.' सात वर्षांची आहे. हनुवटीला रुमाल धरून मलाच समजावत होती. आणि मी — मी बरं म्हटलं, मॅडम. बरं म्हटलं मी तिला. सून रोज मलम लावते आणि त्या शाळेच्या पायऱ्यांना शिव्या घालते, मी पेपर वाचत बसतो. लाज वाटते.

जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगत बसलो हे. रस्ता मोकळा झाला, आता कान द्या. तीस. पस्तीस झाले असतील. आता थोडा पाय देतो — आता वाजेल बघा. चाळीसला वाजतेच. — अजून नाही वाजली. म्हणजे अडतीस धरा. अजून थोडा — कान द्या, बोलू नका — नाही. अजून नाही. एकोणचाळीस, लिहून घ्या. दार का धरून बसलात? घाबरलात होय? अहो, एकोणचाळीसला काय घाबरायचं, सायकलवाला पुढं जाईल! फोन काय म्हणतो? जुळतंय ना? सांगा की. इकडं करा, मला दिसू द्या —

चौसष्ट?

नाही. फोन बिघडला असेल. काच वाजली नाही, चौसष्ट कसे —

रबर.

थांबा. थांबा, बाजूला घेतो.

मीच बसवून घेतलं की हो रबर. काच वाजणार कशी? सोमवारी गाडी आणली, मंगळवारची पहिली खेप. आणि मंगळवारनंतर रोज — रोज, मॅडम, दोन्ही वेळा, चौदाच्या चौदा मुलं. मागं बसून गाणी म्हणत होती. मी आपला काचेकडं कान लावून.

काढा पेन. लिहा. नाही, समजूत नका घालू माझी, काही बोलू नका, लिहा फक्त. ही घ्या किल्ली. परत तुम्ही न्या, मी येतो चालत. मला कुठं जायचंय आता, घरीच. सुनेशी बोलायचंय.

आणि मॅडम — हळू न्या. काटा बंद आहे तिचा.